एका मिनिटाची खरखर

मित्रांनो, मी एक जुना कॉर्डलेस फोन आहे. एका घराच्या पॅसेजमध्ये, खांद्याइतक्या उंचीच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मूळचा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे आणि पाचाचा आकडा बोटांनी घासून घासून पुसला गेला आहे. घंटा मात्र अजून खणखणीत आहे. कोणी ऐकणारं भेटलं, तर मला एकही पाय नसताना मी एका पायावर गोष्ट सांगायला तयार असतो.

माझा जन्म लांबच लांब टेबलांच्या एका कारखान्यात झाला. माझे दोन भाग आहेत. एक बैठक, जी तारेने भिंतीला जोडलेली असते, आणि दुसरा हँडसेट, जो हातात घेऊन घरभर फिरता येतं. दोघांच्या मध्ये तार नाही. आमचं बोलणं हवेतून, लहरींवर चालतं. कारखान्यातल्या एका चष्मेवाल्या बाईने बैठक टेबलावर ठेवली, हँडसेट घेऊन ती दारापर्यंत गेली आणि "एक, दोन, तीन" म्हणाली. ते नीट ऐकू आलं, तेव्हा तिने माझ्या पाठीवर एक छोटी चिठ्ठी चिकटवली. मी पास झालो होतो. मग चार्ज होणाऱ्या दोन बॅटऱ्या, एक अ‍ॅडॉप्टर आणि एक माहितीपुस्तिका यांच्यासह माझी खोक्यात रवानगी झाली.

मला ज्या घरी आणलं तिथे दोन बायका राहत होत्या, नणंद आणि भावजय. नणंद शिवणकाम करायची. तिला सगळे आत्या म्हणत, अगदी कपडे शिवायला येणारी माणसंसुद्धा. भावजय म्हणजे वहिनी, रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालायचा. त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात होती. आई पाळ्यांवर असायची, म्हणून लहानपणी या मुलीला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं हे सगळं आत्याने केलं होतं.

आत्याचा गुडघा दुखायचा. जुना तारेचा फोन बाहेरच्या खोलीत होता. आत्या शिवणयंत्रावरून उठून लंगडत तिथे पोहोचेपर्यंत घंटा थांबलेली असायची. म्हणून सुट्टीत आलेल्या भाचीने जाता जाता मला विकत घेतलं. तिला गाडी पकडायची होती. पुस्तिका वाचून मगच फोन लावा, असं सांगून ती गेली.

वहिनींनी ती पुस्तिका नीट घडी घालून कपाटात ठेवली. इतकी नीट, की पुन्हा ती कोणाला सापडली नाही.

मग माझी स्थापना झाली. माझा अ‍ॅडॉप्टर खोक्याच्या तळाशीच राहिला. आत्याने रेडिओचा अ‍ॅडॉप्टर आणला, कारण त्याची पिन माझ्यात बरोबर बसत होती. पिन बसली म्हणजे सगळं जमलं असं नसतं, मित्रांनो. थोड्याच वेळात मी तव्यासारखा तापलो. वहिनींच्या नाकाला जळका वास लागला आणि त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मगच पिन काढली. त्या दिवशी मी वाचलो तो त्यांच्या नाकामुळे.

मग माझा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर सापडला. बॅटऱ्या पूर्ण भरायला सोळा तास लागतात, पण आत्याला तेवढा धीर कुठला. तासाभरातच तिने हँडसेट उचलला आणि दोन वाक्यांत माझा आवाज बसला. शेवटी वहिनींनी मला स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या डोक्यावर बसवलं. तिथे एक मोकळा सॉकेट होता. जागा मोकळी दिसली म्हणून मला तिथे ठेवलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

भाची दर रविवारी सकाळी दहाला फोन करायची. आत्याची गोळीसुद्धा दहालाच असायची आणि ती कोमट दुधाबरोबर घ्यावी लागायची. वहिनी दहाच्या ठोक्याला पेलाभर दूध ओव्हनमध्ये ठेवायच्या. ओव्हन सुरू झाला की त्याच्या लहरी माझ्या लहरींच्या वाटेत शिरायच्या. एकाच बोळात दोन बैलगाड्या समोरासमोर याव्यात तसं व्हायचं, आणि हँडसेटमध्ये नुसती खरखर उरायची. मिनिटभराने दूध तापायचं, ओव्हन थांबायचा आणि आवाज पुन्हा स्वच्छ यायचा. हे एक मिनिट कोणाच्या लक्षात येत नव्हतं. लाइन खराब आहे, एवढंच दोघी म्हणायच्या.

अशातच भाचीला दिवस गेल्याची बातमी आली. घराची कळाच बदलली. आत्याने मऊ सुती कापडाची दुपटी शिवायला घेतली. गिऱ्हाइकांचे कपडे मागे पडले. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख मोजून खूण केली. सातव्या महिन्यात आत्याने भाचीजवळ जाऊन राहायचं आणि शेवटी वहिनींनी जायचं, असं दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं. भाचीच्या बोलावण्याचीच काय ती वाट होती.

ते बोलावणं एका रविवारी आलं. आत्या हँडसेट कानाला लावून शिवणयंत्राजवळ बसली होती. वहिनींनी दूध ठेवलं. तेवढ्यात भाची म्हणाली, "आत्या, तू येऊ नकोस..." आणि खरखर सुरू झाली.

मित्रांनो, तारेतून येणारं बोलणं आधी माझ्या बैठकीत येतं. मला पूर्ण वाक्य मिळालं होतं. "आत्या, तू येऊ नकोस बसने, तुझा गुडघा धक्के खाईल, मी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला गाडी पाठवते," असं ती म्हणाली होती. पण बैठकीपासून हँडसेटपर्यंतच्या त्या वीस पावलांत पहिले तीन-चार शब्दच पोहोचले. ओव्हन थांबला तेव्हा भाची विचारत होती, "कळलं ना?"

"कळलं," आत्या म्हणाली.

तिने हँडसेट खाली ठेवला. दुपट्याच्या कडेला अर्धी टीप घातलेली होती. तिने दोरा तोडला, दुपटं घडी करून ट्रंकेत टाकलं आणि एका गिऱ्हाइकाचा कोट उसवायला घेतला. मला सगळं ठाऊक होतं आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं पोचतं करणं एवढंच माझं काम, आणि नेमकं तेच मला जमलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार फोन वाजला की आत्याच्या हाताशी काहीतरी तातडीचं काम निघायचं. "तुम्हीच बोला," असं ती वहिनींना सांगायची. ट्रंकेतली दुपटी वहिनींनी पाहिली. नणंदेला जायचं नसावं, गुडघा फारच दुखत असावा, असं त्या समजल्या आणि तिला ओशाळं वाटू नये म्हणून लेकीपाशीही त्यांनी तो विषय काढला नाही. भाचीच्या लेखी तर सगळं ठरलेलंच होतं. आत्याला वाटलं, वहिनींना सगळं माहीत आहे म्हणून त्या विषय काढत नाहीत. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि घरातलं बोलणं दिवसेंदिवस आटत होतं. आपली मुलगीही आपल्याला धड ऐकू येत नाही, याने वहिनी मात्र बेजार झाल्या. शेवटी त्यांनी टेलिफोनच्या लाइनमनला बोलावलं.

तो एका मंगळवारी दुपारी आला. पिकलेल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने तार तपासली, जुना फोन तपासला, माझा हँडसेट घेऊन साऱ्या खोल्यांतून चालला. कुठेच दोष सापडेना. खरखर नेमकी कधी होते, असं त्याने विचारलं. रविवारी दहाला, असं वहिनींनी सांगितलं. लाइनमनने मिशीवरून बोट फिरवलं. लाइनला वार कळत नाही, तेव्हा रविवारी दहाला तुम्ही जे जे करता ते सगळं आत्ता करून दाखवा, असं तो म्हणाला.

वहिनींनी पेल्यात दूध ओतलं आणि ओव्हनचं बटण दाबलं. लाइनमनच्या हातातल्या हँडसेटमधून खरखर इतकी मोठ्याने आली, की शिवणयंत्रावरची आत्यासुद्धा वळून बघायला लागली.

"हा बघा तुमचा चोर," तो म्हणाला. "हे मिनिटभर चालू असताना समोरचं माणूस जे बोललं असेल, त्यातलं निम्मंसुद्धा तुम्हाला मिळालं नसणार."

आत्याचा हात चाकावरच थांबला. ती उठली, लंगडत आली, लाइनमनकडून हँडसेट मागून घेतला आणि कामाच्या वेळी भाचीला कधीही फोन न करणाऱ्या आत्याने तिचा नंबर फिरवला.

"मागे तू मला येऊ नकोस म्हणालीस," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बसने येऊ नकोस म्हणाले, आत्या. गाडी पाठवतेय तुला. मी तुझी खोलीसुद्धा लावून ठेवलीय. तू मला कळलं म्हणालीस ना?"

आत्या हँडसेट घेऊन तशीच ट्रंकेपाशी गेली. मग तिने विचारलं, "सहा दुपटी पुरतील का गं?"

फोन ठेवल्यावर वहिनींनी सगळं विचारून घेतलं. "वन्सं, तीन आठवडे एकटीने सोसलंत. मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"तुमचीच लेक ती. तुमच्यापाशीच तिची कागाळी कशी करू?" आत्या म्हणाली, आणि दोघी डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. लाइनमन बिचारा खाली वाकून उगाचच तार गुंडाळत राहिला.

मग त्याने मला माझी खरी जागा दिली. पॅसेजमधली ही उंच फळी घराच्या मधोमध आहे. ओव्हन, टीव्ही आणि संगणक इथून लांब आहेत, पाण्याचा शिंतोडा नाही, खिडकीतलं ऊन नाही. तार भिंतीच्या कडेने नेली, म्हणजे आत्याचा पाय अडखळणार नाही. बॅटरी बदलाल तेव्हा चार्ज होणारीच घाला, साधे सेल घालून चार्ज केलेत तर ते फुटतील, असं त्याने बजावलं. विजा कडाडायला लागल्या की पिन आणि तार दोन्ही काढून ठेवा, असंही सांगितलं. जुना तारेचा फोन अडगळीत टाकायला वहिनी निघाल्या होत्या, त्याला त्याने ठाम नकार दिला. घरातली वीज गेली की मी मुका होतो, आणि तारेचा फोन तेव्हाही चालतो.

मला तेव्हा थोडा राग आला होता. पण त्याचं म्हणणं खरं ठरलं. एक तारखेला गाडी आली, आत्या सहा दुपटी घेऊन गेली. पुढे वहिनीही सामान बांधून तयार होत्या, पण बाळाला घाई होती. ते आठ दिवस आधीच आलं. आत्याने बातमी कळवायला फोन केला तेव्हा घरात वीज नव्हती. बाहेरच्या खोलीतला म्हातारा खणखणला आणि वहिनी धावल्या. "मुलगी झाली, वहिनी. नाक तुमचं आहे," असं आत्या म्हणाली, हे मला नंतर वहिनी शेजारणीला सांगत होत्या तेव्हा कळलं. इतक्या वर्षांतली सगळ्यांत मोठी बातमी मला चुकवून गेली. तरी मला वाईट वाटलं नाही. बातमी घरात पोहोचली होती.

आता ती नाकवाली मुलगी शाळेत जाते. पॅसेजमधून आत्याच्या खोलीपर्यंत तिचे पाढे मीच पोहोचवतो. माझ्या बॅटऱ्या दोनदा बदलल्या, अंगावर दर आठवड्याला कोरडं फडकं फिरतं. माझं उत्तम चाललं आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू घरी आणलीत, तर तिची पुस्तिका कपाटात जायच्या आधी एकदा वाचा. तिला तिची स्वतःची पिन द्या आणि तिला मानवेल अशी जागा द्या. आमच्यासारख्यांकडून कधीमधी शब्द गळतात, कितीही जपलं तरी. तेव्हा जवळच्या माणसाचं एखादं वाक्य मनाला लागलं, तर ते तसंच मनात घेऊन बसू नका. "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांग," एवढंच म्हणा. तुमचं माणूस पुन्हा सांगेल, आणि या वेळी मी एकही शब्द गाळणार नाही.