अडतीस घरांतलं एक

पद्मिनीने तांदळाची पिशवी पुढच्या टोपलीत ठेवली, तशी सायकल कलंडली. तिने ती मांडीने सावरली आणि पिशवी मागच्या कॅरिअरवर करकचून बांधली. पाचच किलोचं पुडकं, पण कुरिअरने तीनदा जाऊन परत आलेलं.

"घरी कुणी नसतं म्हणतात," विद्यापीठाच्या ऑफिसातले कोंदो-सान म्हणाले होते. "यंदापासून कुरिअरच ठरलंय खरं, पण या वेळी तुम्हीच जाऊन या."

ऐंशी वर्षांपूर्वी नागोयाबाहेरच्या या गावातल्या अडतीस घरांनी आपली भातखाचरं सरकारी शेतीशाळेला दिली होती. शाळेने तेव्हा शब्द दिला, की दर शरदात आमच्या शेतातला नवा तांदूळ तुमच्या घरी येईल. पुढे शाळेचं कॉलेज झालं, कॉलेजचं विद्यापीठ. इंजिनिअरिंग आलं, कॉम्प्युटर आले. विद्यापीठ वाढत गेलं आणि यादीतली घरं गळत गेली. कुणी टोकियोला गेलं, कुणाच्या मागे कुणी उरलंच नाही. २००५ साली एकच नाव राहिलं होतं : ओकुमुरा फुमि, वय सत्त्याऐंशी.

हा इतिहास पद्मिनीला तोंडपाठ होता, कारण त्याची इंग्रजी आवृत्ती तीच तयार करत होती. राहुरीला शेतीत एमएस्सी केलेली बाई नवऱ्याच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमागे इथे आली आणि अर्धवेळ नोकरीत एका परक्या विद्यापीठाचं चरित्र लिहीत बसली. चारुदत्तला त्याचं कौतुक होतं, फक्त ते करायला वेळ नव्हता. "अगं, आज रिलीज आहे, तू जेवून घे," असा फोन इतक्यांदा यायचा, की एका माणसापुरती कणीक भिजवण्यात तिचा हात आता चांगलाच बसला होता.

शेजार म्हणावा, तर पहिल्याच महिन्यात ती पलीकडच्या बाईंकडे वाटीभर शिरा घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी दारात धुतलेली वाटी आणि टॉवेलचा नवाकोरा बॉक्स. तिने लाडू दिले, तर बिस्किटांचा डबा आला. आपण त्या बाईंना बाजारात पळवतोय हे लक्षात आल्यावर तिने नाद सोडला. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, हे ती तेव्हा शिकली. म्हणून तर गेल्या दोन शरदांत तांदूळ पोचवायला जाणं तिला सणासारखं वाटायचं. ओकुमुरा-सानकडे ती चांगली तासभर बसायची आणि परतताना तिचा घसा बोलून दुखायचा.

दाराशी सायकल लावून तिने घंटी दाबली. घंटी वाजायची थांबलीही नव्हती, तोच दार सरकलं.

"या, या. किती उशीर," फुमि-सान म्हणाल्या. "मी कधीची वाट बघतेय."

"बाहेर गेला होता का या आठवड्यात?"

"मी? हे गुडघे मला फाटकापर्यंतसुद्धा नेत नाहीत."

बूट काढायला पद्मिनी वाकली. चपलांच्या कपाटावर कुरिअरच्या तीन चिठ्ठ्या एकावर एक नीट ठेवलेल्या होत्या : 'आपण घरी नव्हता.' तिने एकदा चिठ्ठ्यांकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. म्हातारी चहाचं पाणी ठेवायला लगबगीने आत गेली होती. पद्मिनीने बूट जोडीने लावले आणि चिठ्ठ्या होत्या तिथेच राहू देऊन ती आत गेली.

चहा झाला. फुमि-साननी पिशवी उघडून मूठभर दाणे तळहातावर घेतले.

"आमच्याच शेतातला ना?"

आधीच्या दोन्ही वर्षी पद्मिनीने नुसती मान हलवली होती. आज तिला ते जमेना.

"नाही. तुमच्या शेतावर कॉम्प्युटरची इमारत आहे. हा टेकडीपलीकडच्या फार्मवरचा."

"माहीत आहे," फुमि-सान म्हणाल्या. "काँक्रीट ओतत होते तेव्हा मी बांधावर उभी होते. सोळा वर्षं विचारतेय, सगळे 'हो' म्हणून जातात." त्यांनी दाणे परत पिशवीत सोडले. "पुढच्या वर्षी तूच ये."

पुढच्या वर्षी! मार्चमध्ये चारुदत्तचा प्रोजेक्ट संपत होता, पुण्याची तिकिटं काढून झाली होती. पद्मिनीने ते सांगायला तोंड उघडलं, आणि आणखी एक कप चहा मागितला.

संध्याकाळी कोंदो-साननी वही पुढे सरकवली. वाटपाची तारीख, शिक्का आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

"भेटल्या एकदाच्या?"

"बराच वेळ ताटकळले," पद्मिनी म्हणाली. "दिवसभर बाहेरच असतात हो त्या."

"या वयात?"

"हो ना. कुरिअरवाल्याला सापडायच्याच नाहीत."

"मग पुढच्या वर्षी काय करायचं? तुम्ही तर नसणार."

पद्मिनीने पेन हातात घेतलं. शब्द चुकू नयेत म्हणून आधी कच्च्या कागदावर जपानीत जुळवून पाहिले आणि मग शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं :

'घरी सापडत नाहीत. माणूस पाठवावा. थांबायची तयारी ठेवावी.'