ऊब गळणारा बंब

नोएलीन हॅगर्टच्या घरातला जुना बंब गेला, नवा आला, आणि नव्यातलं पाणी एवढं तापलं की निम्मं गाव तिच्या न्हाणीघरात आंघोळ करून गेलं.

वाचलंत ना? आता विसरा. असं काही अजून घडलेलं नाही. आत्ता जुलैतली सकाळ आहे, म्हणजे पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऐन हिवाळा, कुंपणाच्या तारांवर बोटभर हिव गोठलंय, आणि नोएलीन आपल्या गरम कपाटाचं दार उघडून उभी आहे. तिच्या पायांखाली पाणी आहे आणि ते वाढतंय.

कपाटात खाली तांब्याचा बंब, वर फळ्या. मॅनिओटोटोच्या पठारावर एके काळी घरोघरी असं कपाट होतं. बंब पोटभर वीज खायचा, निम्मी ऊब पाण्याला द्यायचा आणि निम्मी कपाटात सांडायचा. मग गावाला शहाणपण आलं. एकेकाने नवे बंब घेतले. जाड अस्तरातले, कणभर ऊब बाहेर न सोडणारे. त्यांची कपाटं गार पडली आणि तिथे झाडू राहायला गेले. ऊब सांडणारं कपाट उरलं ते एकट्या नोएलीनचं.

त्यामुळे गाव तिच्याकडे यायचं. पोस्टातली हुइया पावाचं पीठ फुगवायला ठेवायची आणि ते फुगेपर्यंत चहा प्यायची. शेजारचा मर्डो, म्हातारा ब्रह्मचारी, ओले पायमोजे वाळत घालायचा आणि वाळेपर्यंत हलायचा नाही. नवरा लेस गेल्यापासून या घरात जी काही बोलणारी तोंडं दिसायची, ती सगळी या कपाटापायी, असं नोएलीनचं पक्कं मत होतं. लोकांना आपण आवडतही असू. पण लोकांचे पायमोजे ओले असतात, याची तिला खात्री होती.

“गेला,” मोरॅग म्हणाली. मोरॅग गावची प्लंबर. लहानपणी याच घरातली बिस्किटं चोरून वाढलेली. कपाटात डोकं घालून बोलत होती, त्यामुळे बंबच बोलतोय असं वाटत होतं. “तळच फुटलाय, आंटी. कधीचा हा?”

“माझ्या लग्नातला.”

“म्हणजे लग्नापेक्षा जास्त टिकला.” मोरॅगने जीभ चावली. “चुकलं माझं.”

“चुकलं कसलं? लेसलाच घाई झाली.”

“आणि इथे कोंबडी काय करतेय?”

“चर्चच्या बाईंची आहे. सर्दी झालीय तिला.”

“कोंबडीला?”

“मग काय बंबाला?”

मोरॅगने कोंबडी बाहेर काढली, पीठ बाहेर काढलं, पायमोजे चिमटीत धरून बाहेर काढले. “झकास नवा बंब बसवते. ऊब अजिबात वाया जाणार नाही.”

“थोडीसुद्धा नाही?”

“कणभर नाही.”

नोएलीनचा चेहरा पडला. “तुझ्याकडे वाईट बंब नाही का गं?”

“काय?”

“वाईट. कुणी घेणार नाही असा. ऊब गळणारा.”

“आंटी, तसले बसवायला बंदी आहे. कायदा आहे तसा.”

“कायदा करणाऱ्यांना पाय नसतात वाटतं.”

मोरॅगने तिच्याकडे नीट पाहिलं. मग बैठकीतल्या लाकडाच्या शेगडीकडे पाहिलं. “एक करते. या शेगडीच्या पाठीत पाणी तापवायची पेटी आहे. अंकल लेसने ती कधी जोडलीच नव्हती. नवा बंब तिला जोडते. वीज गेली तरी लाकडावर पाणी तापेल. पण कपाट गारच राहणार हं, आत्ताच सांगून ठेवते.”

गरम पाण्याशिवाय त्या गावात जुलै काढायचा म्हणजे मेंढीच व्हायला हवं. नोएलीनने मान हलवली.

नवा बंब आला. जाडजूड, पांढरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पाद्रीबाबासारखा. मोरॅगने शेगडीवर आतलं पाणी तापवून दाखवलं, मग नोएलीनने त्याच्या पोटावर हात ठेवला. गार. मर्डोने शास्त्रीय पद्धतीने परीक्षा घ्यायची ठरवली. एक ओला मोजा कपाटात टांगला, समोर खुर्ची टाकून बसला आणि बऱ्याच वेळाने तो पिळून पाहिला.

“पाणी निघालं,” तो गंभीरपणे म्हणाला. मोजा खिशात घातला, टोपी घातली आणि गेला. हुइया पीठ आपल्या गाडीत, काचेमागच्या उन्हात ठेवू लागली. कोंबडी, सर्दीसकट, घरी गेली.

विजेची जोडणी तेवढी बाकी होती. मोरॅगच्या हातात पेचकस, तोंडात दोन स्क्रू, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. फोन कर्लिंग मंडळाच्या, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवत खेळणाऱ्यांच्या, अध्यक्षांचा होता. सकाळी त्यांनी तळ्यातल्या बर्फाला भोक पाडून आत पट्टी घातली होती. बर्फ पुरेसा जाड निघाला होता.

मोरॅगने स्क्रू थुंकले. “बर्फ लागला!”

असं झालं की त्या मुलखात सगळं जागच्या जागी थांबतं. दात उपटणारा डॉक्टर अर्धा दात तसाच ठेवून निघतो आणि पेशंट त्याच्याच गाडीत बसतो, कारण पेशंटही संघात असतो. उघड्या तळ्यावर दगड सरकवण्याइतका बर्फ काही दर हिवाळ्यात धरत नाही.

“आणि माझी वीज?”

“बर्फ वितळल्यावर! शेगडी पेटव, लाकडावर तापेल. फक्त एक लक्षात ठेव, छपरावरची नळी गुरगुरायला लागली की गरम पाणी सोडून द्यायचं. साठवून ठेवलंस तर उकळेल.”

“सोडू कुठे?”

“आंघोळ कर!” म्हणत मोरॅग झाडू घेऊन पळाली. त्या खेळात सरकत्या दगडापुढचा बर्फ झाडायला झाडू लागतो.

गाव तळ्यावर गेलं. नोएलीन एकटी राहिली. ती दुःखात असली की स्वयंपाक करायची. आज स्वयंपाक खाणारं कुणी नव्हतं म्हणून तिने शेगडीत लाकडं घातली. मग आणखी घातली. दुपारच्या सुमारास छप्पर गुरगुरलं.

तिने आंघोळ केली. छप्पर गुरगुरतच राहिलं. तिने भांडी घासली, मग घासलेली भांडी घासली. पुन्हा आंघोळ केली. बोटांच्या मनुका झाल्या. छपरावरची नळी आता चहाची किटली झाली होती. उकळतं पाणी थुंकत होती, आणि वाफेचा पांढरा खांब सरळ आभाळात चढला होता.

दार धडधडलं. बाहेर मर्डो. मिशांवर बर्फ, हातात झाडू.

“घर पेटलंय का तुझं?”

“पाणी उकळतंय. आंघोळ करतोस?”

मर्डोने विचार केला. “माझा वार गुरुवार आहे.”

“मर्डो, छप्पर उडेल!”

“मग आजचा दिवस गुरुवार धरू.” तो आत शिरला. “तसंही माझ्या घरी थेंब नाही. नळ गोठलाय. सगळ्या गावाचाच गोठलाय. तुझा तेवढा शेगडीच्या उबेने वाहतोय.”

मर्डो टबात उतरला आणि तळ्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. ते ओरडणं सुखाचं होतं, पण तळ्यावर ते कळायला मार्ग नव्हता. त्याला वाचवायला आधी हुइया आली, मागोमाग मोरॅग, तिच्या मागे दोन संघ, एक पंच आणि तो अर्धा दातवाला. दिवसभर बर्फावर उभी राहिलेली माणसं. घरी प्यायलाही पाणी नाही. त्यांनी वाफ पाहिली, टॉवेलांची चौकशी केली आणि रांग लावली.

“मर्डो, झालं का रे? की शिजायला ठेवलंय तुला?”

“कातडी निघेपर्यंत उठणार नाही म्हणतो!”

“मग आम्ही काय त्याच्या रश्शात उतरायचं?”

रांग न्हाणीघरापासून स्वयंपाकघरात, तिथून शेगडीपर्यंत गेली. रांगेत माणसं बोलतात. दुसरं करणार काय? नोएलीनने मटणाचं सूप चढवलं. हुइयाने गाडीतलं पीठ आणून शेगडीजवळ ठेवलं. लाकडं संपली तेव्हा पंचाने स्वतःच्या घरून आणली. एवढ्या आंघोळी झाल्या तरी नवा बंब पाणी देतच राहिला, तोंडातून एक शब्द न काढता.

हिव काही उतरलं नाही. रोज खेळ, रोज रांग. विजेची जोडणी करायची आठवण कुणाला राहिली नाही, नोएलीनने तर मुद्दाम काढली नाही. एक भीती तेवढी तिला आतून खात होती: ऊन पडेल, नळ सुटतील, आणि मग?

शनिवारी ऊन पडलं. न्याहारीनंतर ती लाकडं आणायला मागच्या दारी गेली, तर कुंपणापलीकडे मर्डो दिसला. त्याच्या अंगणातला नळ धो धो वाहत होता आणि तो गमबूट धूत होता, शीळ घालत. नोएलीन लाकडांच्या ढिगामागे वाकली आणि गुडघे दुखेपर्यंत वाकून राहिली.

थोड्या वेळाने दार वाजलं. मर्डो. खांद्यावर टॉवेल, पायांत स्वच्छ गमबूट.

“नळ?” तिने विचारलं.

“गोठलेलाच,” तो म्हणाला. “दगड झालाय नुसता.”

“अरेरे.”

“काय करणार! सोसायचं.” त्याने गमबूट काढले. मोजे कोरडे ठणठणीत होते. “हुइया विचारत होती, तिचाही गोठलाय. येऊ का म्हणाली.”

“तिचा तर सकाळीच सुटला ना?”

“पुन्हा गोठला,” मर्डो म्हणाला आणि घाईघाईने न्हाणीघरात गेला.

नोएलीनने शेगडीत एक मोठं लाकूड सरकवलं. मग टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि जिल्हा कौन्सिलच्या पाणीपुरवठा विभागाला लिहायला घेतलं:

“महोदय, सदर गावातील सर्व रहिवाशांचे नळ गोठलेले असल्याचे रहिवासी स्वतः सांगत आहेत. तरी विनंती की, विभागाने याची कोणतीही पाहणी करू नये, दुरुस्तीस माणूस पाठवू नये, आणि सदर नळ पुढील आदेश होईपर्यंत, उन्हाळा धरून, अधिकृतरीत्या गोठलेले समजण्यात यावेत.”