दुसरा उकार

शके १९४६, पौष महिन्यातील शनिवार, सकाळची वेळ. स्थळ डिचोली तालुक्यातील कारापूर, दूध संस्थेच्या गोठ्यापुढील अंगण. विमलाच्या गायीचा गाभ पडला, त्याचा दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी सभासद जमले होते. दोष विमलावर आला, तर तिचे सभासदत्व जाणार होते.

निवृत्त मराठी शिक्षक मधुकर मास्तर पहिल्या खुर्चीवर ताठ बसले होते. गोठ्यातील औषध पाजण्याचे यंत्र त्यांच्या भाच्याने, गौरेशने, पेडण्याच्या कारखान्यात घडवले होते. गाय कठड्यात उभी राहिली की यंत्र तिचे वजन घेई आणि नळीतून जंताचे औषध मोजून तिच्या घशात सोडी. खरे कौतुक त्याच्या काचेचे. दुधाशेणाने माखलेले बोटही ती अचूक ओळखे. काचेवरची अक्षरे मात्र गौरेशने मामांवर सोपवली होती.

"मामा, शब्दांची यादी धाडतंय. शुद्धलेखन तेवढा बघा. माझा मराठी तुमका ठाऊकच आसा."

मास्तरांनी यादी एका बैठकीत तपासली होती. अशुद्ध शब्द त्यांना तळपायात रुतलेल्या काट्यासारखा सले. उपटून टाकल्याविना चैन पडत नसे.

यंत्र सुरू झाले ते मार्गशीर्षात, नेमके गुरुवारी. गौरेश त्या दिवशी कारखान्यातच अडकला होता. काचेवर प्रश्न उमटला : 'गुरुवार?' लोकांनी 'हो' दाबले, आणि यंत्राने एकाही गायीला थेंब दिला नाही. "महालक्ष्मीचो उपास धरल्यान मशिनीन!" म्हणून अंगण हसले. मास्तरही हसले होते.

अध्यक्ष जयराम यांनी घसा खाकरला. "विमलावैनी, गाभण गायीला हे औषध चालत नाही, ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक नसाक काय झाला? पण मशीन आपणच इचारता, असा तुम्हीच सांगितलास. माझी गाय गुरवार होती. मशिनीन ता इचारल्यानच नाय. वार इचारल्यान. बुधवार होतो, मी 'नाही' दाबलंय."

"गायीक गुरवार?" मागून कोणी टोमणा मारला. "मगे डोहाळजेवण घातलंस काय?"

"घातलंय असतंय. घरातलीच ती."

हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. गुरवार. पोटुशी बाईसाठी त्यांची आईही हाच शब्द वापरी. यादीत तो 'गाय' आणि 'गोठा' यांच्या मधोमध बसला होता, आणि आईच्या तोंडचा तो शब्द त्यांना चुकीचा लिहिलेला वार वाटला होता. लाल शाईने त्यांनीच त्याला दुसरा उकार दिला होता. त्यांनी यंत्रापाशी उभ्या असलेल्या गौरेशकडे पाहिले. तो मान खाली घालून रुमालाने काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

"वाद कशाला?" जयराम म्हणाले. "मास्तर इथेच आहेत. मास्तर, काचेवरचा शब्द बघा आणि सांगा, बरोबर की चूक?"

मास्तर उठले. जन्मभर त्यांनी प्रत्येक शब्दाचा निवाडा क्रमाने केला होता. आधी लेखन, मग व्युत्पत्ती, शेवटी अर्थ. 'चूक माझी' हे शब्द ओठांशी आले होते, पण सवय त्यांच्या पुढे धावली.

"लेखनाच्या दृष्टीने शब्द शुद्ध आहे," ते म्हणाले. "पण अर्थ..."

"झालं तर मग!"

खुर्च्या सरकल्या. तो 'पण' त्या आवाजात बुडाला, आणि विमला टक लावून पाहत असताना मास्तरांनी तो पुन्हा वर काढला नाही.

जयरामांनी निकाल सांगितला : "यंत्र बरोबर, शब्द बरोबर. चूक विमलाची."