स्टिअरिंगखालची बाई

माझ्या गाडीत एक जपानी बाई राहते. किल्ली फिरवली रे फिरवली की स्टिअरिंगखालच्या काळ्या डबीतून गोड आवाजात काहीतरी बोलते आणि गप्प होते. जपानात वापरलेली ही गाडी मोंबासाच्या बंदरातून आमच्या गावी, काराटिनाला आली त्या दिवशी अख्खी आळी आमच्या फाटकाशी जमली. कुणी म्हणालं, विकणाऱ्याने पाळत ठेवायला बसवलीय. शेजारीण म्हणाली, रेडिओ बिघडलाय. माझे मोठे दीर गिचुही टोपी सारखी करत म्हणाले, "निघताना प्रार्थना म्हणते ती. जपानी लोक फार भाविक." जसे काही हे रोज जपानला जेवायलाच जातात!

शेवटी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या ओटिएनोला बोलावलं. तो आडवा होऊन आत शिरला, डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि हसत बाहेर आला.

"टोलची डबी आहे, न्यांबुराच्या आई. तिकडे हिच्यात कार्ड सरकवलं की नाक्यावर थांबावं लागत नाही. कार्ड घातलेलं नाही, एवढंच सांगते बिचारी. इथे काय उपयोग? काढून टाकू?"

जाता जाता त्याने आवाज कमी-जास्त करायचं बारकं बटण दाखवलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. "राहू दे," मी म्हटलं.

कारण भावजी. गाडी माझी, माझ्या केकच्या कमाईची. पण शनिवार उजाडला की हे कोट चढवून दारात हजर. कुणाचं लग्न, कुणाची सोयरीक, गाडीतून उतरल्याशिवाय यांना कुणाचा रामरामच पोचत नाही. नवऱ्याला सांगावं तर "मोठा भाऊ आहे गं" म्हणत तो चहाच्या मळ्यात सटकतो. आणि येत्या शनिवारी मला तीन मजली केक न्येरीला पोचवायचा होता. एवढ्या मोठ्या लग्नाचं काम पहिल्यांदाच आलेलं. खचाखच भरलेल्या मटाटू व्हॅनमधून नेला असता तर नवरीला चमच्याने वाढावा लागला असता, आणि मग पुन्हा कोण कुत्रं विचारतंय मला?

गुरुवारी मी भावजींना अंगणात गाठलं. "भावजी, ओटिएनो म्हणाला, ही बाई मालक ओळखते." आवाज आधीच बंद केलेला. मी गाडी चालू केली. बाई चिडीचूप. गाडी बंद करता करता बटण हळूच दाबलं आणि उतरले. "आता तुम्ही."

भावजींनी किल्ली फिरवली. बाई बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हा मालक नव्हे."

भावजी असे काही उतरले की टोपी सीटवरच राहिली. मेलं हसू आवरेना, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

पण भावजी काही दूधखुळे नाहीत. शनिवारी सकाळी मी केक मागे ठेवते आहे तोच ते ओटिएनोचं मनगट धरून आले. "तूच सांग, ही डबी काय बोलते ते. हिने मला बनवलं असेल तर गाडी मी नेणार. केक जाऊ दे हिच्या डोक्यावरून!"

भावजींनी गाडी चालू केली. बाई बोलली. ओटिएनोने माझ्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं, मग भावजींकडे.

"काका, खरंच म्हणतेय, हा मालक नव्हे." त्याने कान डबीजवळ नेला. "शिवाय म्हणते, लोकांच्या नेलेल्या वस्तू परत कराव्यात. गाडी असो नाहीतर शिडी."

ओटिएनोची शिडी ईस्टरपासून भावजींच्या गोठ्यात उभी होती.

भावजी टोपी सारखी करत उतरले. जिंकले गं बाई, मी मनात म्हटलं. तर ते मागचं दार उघडून ऐटीत आत बसले. "मालक नाही तर नाही. पाहुणा तर आहे ना? चल, गाडी चालूच आहे."

केकपायी मी गोगलगाय झाले. एकेक खड्डा चुकवत चालले होते, आणि मागे भावजी खिडकीतून हात हलवत होते. बाजारात कुणीतरी ओरडलं, "वा गिचुही, ड्रायव्हर ठेवला का?" भावजींनी नाही म्हणायला नको? नुसतं हसले!

न्येरीला केक जसाच्या तसा उतरला. नवरीच्या आईने माझे दोन्ही हात धरले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण ती वळली आणि फाटकावरच्या पोऱ्याने भावजींना अदबीने मटणाच्या मांडवात नेलं. मला म्हणाला, "ड्रायव्हर लोकांची गिथेरी मागे आहे, चुलीपाशी." मका-राजमाच तो, वर गार झालेला. भुकेपोटी खाल्ला.

निघताना भावजी दात कोरत मागच्या सीटवर रेलले. मी तणतणत बसले आणि किल्ली फिरवली. सकाळच्या गडबडीत बटण दाबायचं राहूनच गेलं होतं. बाई गोड आवाजात बोलली.

मागून भावजी म्हणाले, "अरेरे! आता तुलाही ओळखेना होय गं ही?"