कोय धरायच्या आधी

धानोऱ्यापलीकडच्या त्या जंगलातल्या गावात लालसूचा शब्द म्हणजे शब्द. तो गावाचा गायता, देवाचं सारं त्याच्या हातून व्हायचं. मरका पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा सण, तो सांगेल त्या दिवशी. तोवर आंबा तोडणं सोडाच, वाऱ्यानं पडलेलाही कोणी उचलायचा नाही. एका घरानं खाल्ला तरी दोष साऱ्या गावाला. आणि सण कधी? तर कोय धरली की. सुरी कोयीवर अडली पाहिजे, एवढी साधी गोष्ट.

यंदा त्याच्या पोरीनं, दिव्यानं, घोळ घातला. घोळ कसला, चांगलंच करायला गेली बिचारी. बायकांच्या गटासाठी तिनं सावली गावच्या प्रफुलभाऊ व्यापाऱ्याशी सौदा ठरवला. आंबा परदेशी लोणच्याला जाणार होता. अट एकच, कोवळा पाहिजे, कोय धरायच्या आधीचा.

"बाबा, पंडुम थोडा आधी घे ना," ती म्हणाली. "दरसाल झाडाखाली सडतेच. पहिल्यांदा कोणी आपल्या दारी येऊन मागून राह्यला."

लालसू असा भडकला की जेवणावरून उठून गेला. पण पोरीनं साऱ्या बायांना शब्द देऊन ठेवलेला, आणि तिचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. बापाचं काळीज, दुसरं काय! शेवटी त्यानं सणाचा दिवस आधीचा सांगून टाकला.

देवापुढं त्यानं आंबा कापला तेव्हा सुरी काकडीतून जावी तशी आरपार गेली. त्याची थोरली बहीण बुधरी तेवढी आडवी आली.

"कोय कुठी आहे, लालसू?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

"देव समजून घेईन, बाई."

"देव घेईन. मी नाई घेत."

ती तशीच घरी निघून गेली आणि आपल्या दारचं झाड तिनं कोणाला शिवू दिलं नाही. बाकी गावानं आंबा तोडला, क्रेट भरभरून मोहाच्या झाडाखाली रचले. बाया गाडीची वाट पाहत बसल्या, आणि प्रफुलभाऊ आला तो मोटारसायकलवर, एकटा. तोंड पडलेलं.

"आंबा बंद झाला," तो म्हणाला. "त्या देशानं आपल्या इथला आंबाच घेणं बंद केलं. कोणाच्या तरी पेटीत फळमाशीच्या अळ्या निंगाल्या."

"आमच्या आंब्यात निंगाल्या काय?" लालसू उसळला.

"नाई भाऊ. तुमचा तर इथीच आहे. दुसऱ्या राज्यातली पेटी होती म्हणतात."

"मंग आमचा काऊन बंद?"

"ते गाव-राज्य नाई पाहत. एकाचा दोष, तो साऱ्या देशाले. त्यांचा नियमच तसा. मीबी बुडलोच ना."

बायांनी त्या देशाला, माशीला आणि प्रफुलभाऊला अशा शिव्या हासडल्या की विचारू नका. लालसू मात्र क्रेटपाशी खाली बसला. एकाचा दोष सगळ्यांना, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. उभा जन्म तो गावाला हेच सांगत आला होता. त्या लोकांनी आपला नियम पाळला, कोणाची भीडभाड ठेवली नाही. आणि आपण? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

एवढा कोवळा आंबा पिकतो थोडाच! थोडाफार बायांनी चिरून वाळवला, बाकीचा क्रेटमध्येच काळा पडला. दिव्या रडरड रडली.

"तुझा दोष नाई," लालसू तिला म्हणाला. "तू मागितलं. दिलं तर मी."

मग एका सकाळी बुधरी आपल्या झाडाचे आंबे पदरात घेऊन आली.

"कोय धरली. चल, पंडुम कर."

"कोणत्या तोंडानं करू, बाई?"

"दुसरं तोंड आणशीन कुठून? ऊठ."

गाव पुन्हा जमलं. लालसूनं आंबा कापायला घेतला. सुरी कोयीवर खटकन अडली आणि त्याचे डोळे भरून आले. देवाला दाखवून त्यानं प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवली. बुधरीनं एक फोड त्याच्यापुढं धरली, तर त्यानं हात मागे घेतले.

"मले आंबा बंद. पुढल्या पंडुमपर्यंत."

दिव्यानं हातातली फोड पाहिली आणि पुन्हा देवापुढच्या पानावर ठेवली.

"मंग मलेही बंद," ती म्हणाली.

तिच्यामागून गटातल्या बाया उठल्या, त्यांच्यामागून बाकीचे. पान फोडींनी भरलं. बुधरीनं तर काही दोष केलाच नव्हता. सगळ्यांच्या शेवटी तिनंही आपली फोड तिथंच ठेवली.