उजवी बाही

मला राग आला की माझे टाके आवळले जातात. मुद्दाम नाही हो करत, बोटंच आवळतात. तोंडाने मी कुणालाही "या, बसा, चहा घ्या" म्हणू शकते, सासूबाईंनासुद्धा म्हणत आले. पण सुया हातात आल्या की मला सोंग जमत नाही. सासूबाई एक अख्खा हिवाळा आमच्याकडे राहिल्या, तेव्हा ह्यांच्यासाठी विणायला घेतलेलं बिनबाह्यांचं जाकीट ह्यांच्या डोक्यातूनही खाली उतरेना. मग त्या धाकट्या दिरांकडे गेल्या. त्यानंतर विणलेल्या मफलरीत आम्ही नवरा-बायको दोघं एकदम मावतो.

घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा फायदा घेतात मेले. आमचे हे, म्हणजे रिफ्की, टपाल खात्यातून निवृत्त झालेत. दिवसभर सोफ्यावर बसून खिडकीतून आमच्या एर्झुरुम गावचा बर्फ मोजतात. कपाटातून काही काढलं की आधी ओढून बघतात आणि म्हणतात, "हा मोजा तू बहिणीशी भांडलीस तेव्हाचा दिसतोय, मुझेय्यन." गॅसच्या टाकीची झालर, रिमोटचा मोजा, दाराशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लोकरीच्या सपातांची टोपली, सगळ्यांची अशी चौकशी झालेली आहे. रिमोटचा मोजा घट्ट आहे. त्या वर्षी हे फुटबॉलशिवाय काही बघत नव्हते.

तर अशा घरात आमच्या निलुफरने तुंजायला आणलं.

निलुफर आमची एकुलती एक. शाळेत गणित शिकवते. तुंजाय त्याच शाळेत भूगोल शिकवतो, आणि तो इझमीरचा. पश्चिमेकडच्या मास्तरांना सरकार थोडी वर्षं इकडे पूर्वेला पाठवतं. ती पोरं पातळ कोट घालून येतात, शिंकत शिंकत वर्षं काढतात आणि मुदत संपली की भुर्रकन समुद्राकडे उडून जातात. हा त्यातलाच. दारात उभा राहिला तेव्हा नाक लाल, ओठ निळे, पण हसत होता. मी त्याला टोपलीतल्या सगळ्यांत मोठ्या सपाता दिल्या, सोफ्यावर बसवलं आणि चहाचा पेला पुढे केला, सोबत गालात धरायला साखरेचा खडा.

"माफ करा हं मावशी, मला चहा नाही आवडत," तो म्हणाला.

रिफ्कींनी गालातला खडा कडकन चावला. अहो, आमच्या गावात पोटदुखी आहे म्हणा, डॉक्टरने बंद केलाय म्हणा, चालतं. पण आवडत नाही? तोंडावर?

"मग काय घेता?" मी विचारलं.

"नुसतं गरम पाणी."

मी स्वयंपाकघरात जाऊन गरम पाणी आणलं. बाईच्या कमरेसारखा मध्ये निमुळता असतो त्या नाजूक पेल्यात नाही, तो चहाचा. कपबश्या धुवायच्या टमरेलात आणलं. त्याने ते दोन्ही हातांत धरून आनंदाने प्यायलं आणि वर म्हणाला, "वा, काय ऊब आहे!"

तो गेल्यावर निलुफर माझ्यापुढे येऊन बसली. "कसा वाटला?"

"छान आहे," मी म्हणाले. "साधा आहे मुलगा."

"आई, तोंडाने तू काहीही म्हणशील. आजीलाही छानच म्हणायचीस." तिने माझी लोकरीची टोपली उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "त्याला स्वेटर विण. त्याचे आईवडील मला मागायला येतील त्या संध्याकाळी तो घालून येईल. स्वेटर नीट बसला तर मी हो म्हणेन. नाही बसला तर नाही."

"अगं वेडी आहेस का? लग्न काय स्वेटरवर ठरवतात?"

"तुझ्या मनात नसताना मला नाही करायचं लग्न," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही पोरगी रडत नाही हो सहसा. शाळेत जिन्यावरून पडून हात मोडला तेव्हाही रडली नव्हती. म्हणजे ह्या पोरीचा जीव जडला होता, आणि तो आता माझ्या दोन सुयांना टांगला होता.

गडद निळी लोकर आणली. पाठ विणायला घेतली. मनाशी घोकत होते, चांगला मुलगा आहे, चांगला मुलगा आहे. पण सुई पुढे सरकली की कानात ऐकू यायचं, "मला चहा नाही आवडत." पाठ पूर्ण झाली. रिफ्कींनी ती उचलून उजेडात धरली.

"कुणासाठी? मांजरासाठी?"

"गप्प बसा."

सगळं उसवलं. आता मी काही भोळी नाही. बाजारात गेले आणि चांगल्या जाडजूड सुया घेऊन आले. म्हटलं, बोटं आवळतात तर आवळू देत, सुईच जाड असली तर टाका किती लहान होणार? विणकामातली ही लबाडी कुठल्याही बाईला माहीत असते. पण घरात गणिताची मास्तरीण! निलुफरने संध्याकाळी येऊन सुया बघितल्या, माझ्या हातातून काढून घेतल्या आणि स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

"कॉपी करायची नाही, आई."

मग मी म्हणाले, बरं, निदान मापाला तरी पाठव त्याला. माप न घेता कोण विणतं? खरं कारण वेगळं होतं. उसवलेली लोकर धुऊन वाळवली होती, तिचे गुंडे करायचे होते, आणि लडी धरायला बसवलं की रिफ्की लगेच पेंगतात.

तुंजाय आला. मी त्याला शेगडीजवळ बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि मनगटांवर लडी चढवली. मी गुंडाळत बसले आणि तो बोलत बसला. इझमीरला बर्फच पडत नाही म्हणाला. त्याची आई हिवाळ्यातही बाल्कनीत जेवते म्हणाला. इथे आल्यावर पहिल्या दिवशी त्याने मिशी ओली ठेवून बाहेर पाऊल टाकलं आणि मिशी गोठली, तेव्हापासून मिशीच काढून टाकली म्हणाला. मध्येच तो थांबला. चेहरा वेडावाकडा व्हायला लागला.

"काय झालं रे?"

"नाक खाजतंय, मावशी."

"मग खाजव की."

"लोकर सुटेल."

आणि हा बाबा दोन्ही हात तसेच धरून उठला, सपाता फरफटत रिफ्कींकडे गेला, त्यांच्या तोंडापुढे वाकला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, एवढं नाक खाजवता का?"

रिफ्की झोपेतून दचकले. समोर लोकर बांधलेला माणूस नाक पुढे करून उभा. त्यांनी काही विचारलं नाही. चष्मा लावला आणि नाक खाजवलं. "डावीकडे थोडं," तो म्हणाला. त्यांनी डावीकडेही खाजवलं. मी इतकी हसले, इतकी हसले की गुंडा हातातून सुटून कपाटाखाली गेला. किती वर्षांनी तशी हसले असेन कोण जाणे.

त्यानंतर टाके कसे पडले ते मी सांगायलाच नको. पाठ झाली, पुढा झाला, डावी बाही झाली. लोण्यासारखं विणकाम. रिफ्की एकेक तुकडा ओढून बघायचे आणि निलुफरकडे बघून मान डोलवायचे. पोरगी घरभर गाणी गुणगुणत फिरायची. तुंजाय आला की मीच म्हणायला लागले, "आला का पाणीपिता? बस."

उजव्या बाहीचे टाके घातले त्या दिवशी निलुफर माझ्याजवळ बसून संत्रं सोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "त्याची बदली होणार आहे, आई. उन्हाळ्यात. इझमीरला. मीही तिकडच्या शाळेसाठी अर्ज करीन."

"छान," मी म्हणाले. "समुद्र आहे तिथे."

"तुला वाईट नाही ना वाटणार?"

"मला कशाला वाईट वाटेल? संत्रं दे."

मला काय माहीत नव्हतं का? पहिल्या दिवशी दारात पातळ कोट बघितला तेव्हाच माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि पोरीच्या तोंडून उन्हाळा ऐकणं निराळं. मी बाही विणली. डावीला जितक्या ओळी, उजवीला तितक्याच, एक ना कमी ना जास्त. आणि इथेच मी, जन्मभर विणणारी बाई, नवशिकी पोर करणार नाही अशी चूक करून बसले. ओळी मोजल्या, लांबी मोजली नाही. दोन बाह्या एकमेकींवर ठेवूनसुद्धा बघितल्या नाहीत. शिवल्या, घडी घातली, स्वेटर पाठवून दिला. कदाचित बघायचंच नव्हतं मला.

मागणीची संध्याकाळ आली. इझमीरहून तुंजायचे आईवडील आले. वडील मितभाषी, आई गोरीपान, हसरी. दाराशी तिला सपाता दिल्या तर तिने त्या गालाला लावून बघितल्या. मला बाई आवडली. तुंजाय मात्र कोट घालून आला आणि कोटासकटच बसला, तोही शेगडीच्या अगदी शेजारी. गळ्याशी माझा निळा स्वेटर दिसत होता. गळा अगदी छान बसला होता.

"कोट काढ की रे," मी म्हणाले.

"नको मावशी, थंडी वाजतेय."

कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या त्याच्या. कान टोमॅटोसारखे लाल. त्याची आई म्हणाली, "अरे, काढ ना. बरं वाटत नाहीये का?"

"मस्त वाटतंय," तो म्हणाला आणि बाहीने कपाळ पुसलं.

निलुफर कॉफीचं तबक घेऊन आली. नवऱ्या मुलाला पारखायच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या कॉफीत तिने मीठ घातलं होतं, आणि आमची पोरगी हाताने सढळ. त्याने एका घोटात कप रिकामा केला, तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. त्याच्या वडिलांनी घसा साफ केला, अल्लाचं नाव घेतलं आणि आमच्या मुलीला मागणी घातली. आता रिफ्कींनी उत्तर द्यायचं. ते मिशीवरून हात फिरवून सरसावून बसले.

"बाबा, थांबा," निलुफर म्हणाली. "तुंजाय, कोट काढ."

"थंडी..."

"काढ."

त्याने कोट काढला. अंगात स्वेटर असा बसला होता की दुकानातला वाटावा. डावी बाही मनगटापर्यंत, व्यवस्थित. उजवी बाही कोपराच्या थोडी खाली येऊन संपलेली, दंडाशी अशी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

त्याची आई बिचारी समजूतदार. "हल्ली अशी फॅशन आहे का?" तिने हळूच विचारलं. रिफ्कींनी त्या बाहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच त्यांना काही गंमत सुचली नाही. निलुफरने रिकामं तबक छातीशी धरलं.

तुंजाय माझ्याकडे वळला. "मावशी, टाक्यांचं मला निलुफरने सांगितलंय. मला वाटलं, हा तुमचा नकार आहे. म्हणून झाकून बसलो. म्हटलं, आजचा दिवस तरी कुणाला दिसू नये."

ज्या पोराने माझ्या घरात, माझ्या तोंडावर चहा आवडत नाही म्हणून सांगितलं, तो शेगडीपाशी पाठ भाजत, थंडी वाजतेय म्हणून खोटं बोलत बसला होता. माझ्या लेकीसाठी.

"आई," निलुफर म्हणाली. "बाकी अख्खा स्वेटर नीट बसलाय. मग ह्या बाहीला काय झालं? खरं सांग."

आता सुया नव्हत्या हातात. तोंडानेच बोलायचं होतं.

"काय होणार?" मी म्हणाले. "पोरगा आवडला, म्हणून टाके सैल पडले. आणि ह्याच हाताने उन्हाळ्यात तो तुझी बॅग उचलून बसमध्ये ठेवणार आहे ना, म्हणून बाही तेवढी आवळली."

एवढं म्हणाले आणि मला रडू कोसळलं, पाहुण्यांदेखत, भोकाड पसरून. निलुफरने तबक ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या गळ्यात पडली. इझमीरची बाईही रडायला लागली. तिचा मुलगाही इतकी वर्षं लांबच होता की.

तुंजाय तसाच उभा होता, एक हात झाकलेला, एक उघडा. खूप विचार करून तो म्हणाला, "मावशी, मग बॅग मी डाव्या हाताने उचलेन."

रिफ्की फस्सकन हसले आणि मांडीवरचं तबक खाली पडलं. मीही रडता रडता हसले. "बघत काय बसलात?" मी ह्यांच्यावर ओरडले. "द्या की मुलगी!"

मुलगी दिली. मी म्हणाले, "काढ तो स्वेटर, उद्याच्या उद्या बाही उसवून नीट करून देते." तर तुंजायने उजवा हात पाठीमागे लपवला आणि म्हणाला, "हिला हात लावायचा नाही."

मग मी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेले. सगळ्यांचा चहा ओतला. आणि चहाच्या त्या निमुळत्या कमरेच्या नाजूक पेल्यात, बशीत साखरेचा खडा ठेवून, जावयासाठी गरम पाणी आणलं.