दोन स्कोपांची परीक्षा

ताईने एकदा ठरवलं की मग कुणाची मात्रा चालत नसे. ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, विकायला आलेल्या दोघांनीही आपापले नमुन्याचे सर्किट बोर्ड आणले होते. ते तिने पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिले नाहीत. विक्रेत्याच्या बोर्डावर कुठलाही स्कोप गुणीच दिसतो. परीक्षा आमच्या आजारी बोर्डावरच होईल, असं तिने बजावलं.

तो बोर्ड सलाइनच्या पंपाचा. सर्किट ताईचं, प्रोग्राम धाकट्या भावाचा, प्रयोगशाळा दोघांची. पंप वीस-पंचवीस मिनिटं शहाण्यासारखा चाले आणि मग मध्येच बंद पडून पहिल्यापासून सुरू होई. प्रोग्राम चुकलाय, हे ताईचं पालुपद दोन महिने चाललं होतं. भाऊ आधी भांडला, मग गप्प झाला, आणि गेल्या आठवड्यात त्याने दुसऱ्या नोकरीचं सांगितलं. ताईच्या ते जिव्हारी लागलं होतं, पण नमतं घेईल ती ताई कसली.

पहिला स्कोप देखणा, भल्यामोठ्या पडद्याचा. भावाने त्याच्या सोळा डिजिटल तारा चिपला लावल्या, ताईने वीजपुरवठ्यावर प्रोब, म्हणजे मोजणीची सुई, लावला, आणि सगळे वाट बघत बसले. बाविसाव्या मिनिटाला पंप बंद पडला. चिप रीसेट होऊन पहिल्यापासून सुरू झालेली दिसत होती आणि वीजपुरवठ्याची रेघ सरळ होती. म्हणजे सर्किट निर्दोष, चूक प्रोग्रामचीच. विक्रेत्याने ताईचं अभिनंदनही करून टाकलं. भाऊ तारा सोडवू लागला.

दुसरं कुणी असतं तर ऑर्डरवर सही करून मोकळं झालं असतं. ताईने रेघ मोठी करून पाहिली. सोळा तारा जोडल्यावर स्कोपची मेमरी त्या सगळ्यांत वाटली गेली होती, आणि नोंदलेले बिंदू इतके विरळ होते की दोन बिंदूंच्या मध्ये काही घडून गेलं असतं तरी पत्ता लागला नसता. जाऊ दे, जिंकलोय ना आपण, असं तिला क्षणभर वाटलंही.

"दुसरा लाव," ती म्हणाली.

"कशाला?" भाऊ म्हणाला. "तुला हवं ते दिसलं ना."

"लाव म्हणते ना."

दुसरा स्कोप लहानखुरा, त्यात पंख्याची घरघर. पण सोळा तारा जोडूनही त्याची मेमरी पुरून उरली. एकोणिसाव्या मिनिटाला पंप थांबला, तेव्हा मोटर सुरू होताना वीजपुरवठ्याच्या रेघेला खोल खड्डा पडलेला स्पष्ट दिसला, आणि त्याच्या पाठोपाठ रीसेट. असा खड्डा भरून काढायला थोडी वीज साठवून ठेवणारा चिपशेजारचा कपॅसिटर ताईनेच जागा वाचवायला काढला होता. भावाने तेव्हा शंका काढली होती, ती तिने उडवून लावली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने याच स्कोपच्या ऑर्डरवर सही केली आणि दोन्ही विक्रेत्यांदेखत भावाकडे वळली.

"चूक माझी होती. दोन महिने तुझ्या माथी मारली."

भाऊ पडद्याकडे बघतच म्हणाला, "मी त्या नोकरीला कालच होकार कळवलाय, ताई."

ताईचे डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत.

"मग त्यांना माझा नंबर दे," ती म्हणाली. "तुझ्या कामाबद्दल विचारतील, तर खरं काय ते मी सांगेन."